हेडमास्तरांनी पाळलेला शब्द

आमच्या हेडमास्तरांइतका पोटात गोष्ट ठेवणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात झाला नसेल. नांदुऱ्याकडच्या त्या शाळेत मी नवा मास्तर म्हणून रुजू झालो, तेव्हा शाळा किती वाजता सुटते हेदेखील त्यांनी मला दार लोटून, कानाशी येऊन सांगितलं. तपासणीला नागपूरकडचे साहेब आले आणि भर वर्गात विचारू लागले, "यातली ढ मुलं कोणती?" हेडमास्तर म्हणाले, "आत चला साहेब, सांगतो." आत नेऊन त्यांनी साहेबांना चहा पाजला आणि सांगितलं नाहीच. सहामाहीचा निकालसुद्धा ते एकेका पोराला कडुनिंबाखाली बोलावून कानात सांगत. एका आजोबांना कमी ऐकू येई. नातवाचा निकाल सांगायला हेडमास्तर त्यांना गावाबाहेर पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, शेतात घेऊन गेले आणि आसपास कोणी नाही असं पाहून मोठ्यानं ओरडले. पऱ्हाटीत वेचणीच्या बाया वाकलेल्या होत्या. दिवेलागणीपर्यंत निकाल गावभर झाला, आणि पुढं कितीतरी दिवस त्या घरावरून जाताना हेडमास्तर टोपी डोळ्यांवर ओढून घेत.

शाळेतल्या गंगू नावाच्या मुलीच्या बाबतीत मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. तिचे वडील भाजीपाला पिकवायचे. तिला शाळेत घालताना त्यांनी एकट्या हेडमास्तरांना सांगितलं होतं, की पोरीला मिरगीचे झटके येतात. "कोनाले सांगू नोका, गुरुजी. उद्या तिच्या लग्नाचा सवाल हाये." हेडमास्तरांनी शब्द दिला, आणि मलाही कळू दिलं नाही.

शाळेच्या बागेला मुलं विहिरीतून पाणी काढत. विहिरीला तेव्हा कठडा नव्हता. एके दिवशी मी गंगूला आणि तिची मैत्रीण सोनीला पाठवलं. सोनी दोर ओढत होती, गंगू थोडी मागं उभी होती. झटका आला तशी गंगू काठाकडं कोसळली. सोनीनं दोर सोडून तिला कवटाळलं. बादली दोरासकट आत गेली, पोरगी वाचली.

हेडमास्तर घामाघूम होऊन माझ्यासमोर उभे राहिले. "मले माहीत होतं, मास्तर. तुमी पोरी पाठवल्या तवा मी खिडकीतून पाहून राह्यलो होतो. तोंडाशी आलं, पन दिलेला शब्द आडवा आला."

शाळा सुटल्यावर आम्ही दोघं गंगूच्या घरी गेलो. "तुमाले दिलेला शब्द पाळता पाळता तुमची पोरगी घालवली असती मी," ते तिच्या वडिलांना म्हणाले. वडिलांनी मान खाली घातली. "तुमचं तोंड मीच बंद केलं होतं, गुरुजी."

"साऱ्या शाळेले सांगत नाही. पन मास्तरले तरी माहीत असू द्या."

तेवढ्यात कोपऱ्यात मेथी निवडत बसलेली गंगू म्हणाली, "सोनीले मी कवाच सांगतलं. म्हनून सोनी मले दोराले हात लावू देत नाही. मास्तरलेबी सांगतलं असतं, बाबा. मले कोनी विचारलंच नाही."



दुसऱ्या दिवसापासून मास्तर सोबत असल्याशिवाय एकाही पोरानं विहिरीवर जायचं नाही, असा नियम झाला. बहुतेक वेळा हेडमास्तर स्वतःच काठावर खुर्ची टाकून बसत. का, ते गावात कोणाला कळलं नाही. सगळ्यांनी त्यांच्या विक्षिप्तपणात आणखी एका गोष्टीची भर घातली, आणि त्यांनी घालू दिली.

पुढं गंगूचं लग्न झालं. तोवर हेडमास्तर निवृत्त झाले होते. एकदा बाजारात भेटले तेव्हा बऱ्याच वेळानं त्यांनी हळूच विचारलं, "तिच्या सासरी कोनाले माहीत असन काय, मास्तर?"

मला ठाऊक नव्हतं. हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेत ते नुसते उभे राहिले.