गाडीतली खरखर

मोठ्या बहिणीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन चंद्रपुरात झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिला माझ्या जुन्या गाडीतून गोंडपिपरीला घरी नेत होतो. एका डोळ्यावर पट्टी होती, आणि दुसऱ्याही डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, त्यामुळे तिला फक्त उजेड-अंधार कळत होता. ती म्हणाली, "रेडिओ लाव, बापू. काईतरी ऐकू दे."

बल्लारपूर सोडल्यावर रेडिओ खरखरायला लागला. कोठारीच्या पुढे, जंगलात, त्यात एक बारीक कुंईकुंई मिसळली. ॲक्सिलरेटर दाबला की ती चढायची, पाय काढला की उतरायची. मी मोबाईलचा चार्जर उपसला. खरखर कमी झाली, पण कुंईकुंई तशीच राहिली. आवाज इंजिनाकडून येतोय का, हे पाहायला मी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद करून रेडिओ तेवढा चालू ठेवला.

निवेदकाचा आवाज एकदम स्वच्छ आला. धानावरच्या किडीबद्दल सांगत होता.

"काऊन थांबवली?" बहिणीने विचारलं.

"रेडिओत काय बिघडलं ते पाहून राह्यलो, बाई."

मग किल्ली फिरवली. नुसतं टक् झालं. पुन्हा फिरवली, पुन्हा टक्. मागच्याच आठवड्यात याच पट्ट्यात वाघाने एका गुराख्याला नेलं होतं. मोबाईलला रेंज नव्हती आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

मी रेडिओ बंद केला, तेव्हा वानरांचं ओरडणं ऐकू आलं. खोकल्यासारखं, थांबून थांबून.

"वानर कायले पाहून ओरडून राह्यले?" ती म्हणाली. तिच्या आवाजावरून कळलं की उत्तर तिला ठाऊक आहे.

पंधरा दिवसांपूर्वी नवी बॅटरी मीच बसवली होती. बॅटरीची एक तार गाडीच्या लोखंडी अंगाला कसलेली असते. ती सैल असली तर रेडिओत आवाज घुसतो आणि गाडीही सुरू होत नाही, एवढं मला माहीत होतं. पण तिथे हात घालायचा म्हणजे खाली उतरायचं होतं.

"तू उतर," ती म्हणाली. "मी कान देऊन बसते. काई वाटलं तर हॉर्न दाबीन. माहा हात हॉर्नवर ठेवून दे."

मी तिचा हात धरून स्टेअरिंगच्या मधोमध ठेवला.

सीटखालचा पाना घेऊन उतरलो आणि बोनेट उघडलं. तारेचा बोल्ट बोटांनीही हलत होता, खाली पांढरा-हिरवा गंज. पान्याच्या टोकाने गंज खरवडला आणि बोल्ट आवळायला घेतला. पाना दोनदा सटकला. तिसऱ्यांदा पकड बसली, बोल्ट आवळला, आणि तेवढ्यात हॉर्न वाजला.

मी आत कसा शिरलो ते आठवत नाही.

"पाला वाजला," ती कुजबुजली. "डाव्या बाजूनं. जड होतं काईतरी."

किल्ली फिरवली आणि इंजिन लागलं. पण बोनेट उघडंच होतं, पुढचा रस्ता दिसत नव्हता. ते पाडायला पुन्हा उतरावं लागणार होतं. तिने न विचारता हॉर्न दाबून धरला. मी धावलो, बोनेट आपटलं. क्षणभर वर पाहिलं, तर झाडावरची सगळी वानरं रस्त्याच्या डाव्या बाजूच्या एकाच झुडपाकडे टक लावून बसली होती. त्या झुडपात काय होतं, ते मी पाहिलं नाही. पाहायला थांबलो नाही.

पहिलं गाव येईपर्यंत मी गाडी थांबवली नाही. तिथे चहाच्या टपरीपाशी गाडी उभी केली, पण मला खाली उतरता येईना. तिने चाचपडत माझा खांदा शोधला आणि त्यावर हात ठेवून बसून राहिली.

आठ दिवसांनी डोळा तपासायला आम्ही एसटीने गेलो. गाडी ठणठणीत होती, तरी दारातच राहिली.