पेशी थांबल्यात!

किडनीच्या डॉक्टरला किस्से शोधत फिरावं लागत नाही. नांदेडातली माझी ओपीडी संपेपर्यंत दोन-चार तरी पदरात पडतात. घरी सांगायला बसले, की हसायचं राहतं बाजूला आणि मी भांडायलाच लागते. लोह्याकडच्या कौसाबाईचंच घ्या!

कंबर दुखते म्हणून बाई रोज गोळी खायची आणि रानात राबायची. त्या गोळ्यांनीच किडनीला इजा झाली. मी नवरा-बायकोला समोर बसवलं. "जखमी पेशी वाढायची थांबते. आधी स्वतःची दुरुस्ती करते. तेवढ्यात पुन्हा मार बसला, तर तिथंच अडकून पडते आणि किडनीत कायमचे चट्टे पडतात. म्हणून गोळी बंद, आराम चालू!"

नवरा मारोतराव मन लावून ऐकत होते. मग म्हणाले, "मंग पेशी चालू करायचं विंजेक्शन द्या की, म्याडम!"

पेशी म्हणजे काय बोअरची मोटर आहे?

*

पुढच्या खेपेला रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनी आणखी बिघडलेली. "गोळी घेतली?"

"न्हाई वो. आईशप्पत!"

खरंच नव्हती घेतली. गावातल्या डॉक्टरनं तेच औषध सुईतून दिलं होतं! मी तिथूनच त्याला फोन लावला, तर साहेब शांतपणे म्हणाले, "म्याडम, सुई कंबरेला दिलीय. किडनीला कुठं दिली?"

मी फोनच आपटला.

*

शेवटी तिला दाखल केलं. रक्तात पोटॅशियम वाढलेलं आणि नारळपाण्यात तेच ठासून भरलेलं, म्हणून नारळपाणी सक्त बंद. नणंद भेटायला आली ती शहाळं घेऊनच! मी ओरडले.

"रिकाम्या हातानं कसं यावं वो? लोक काय म्हणतील?"

भावजयीचं हृदय बंद पडलं असतं तर लोक काय म्हणाले असते, ते तिला विचारायचं राहूनच गेलं. शहाळं मी हिसकावून घेतलं आणि स्टाफरूममध्ये रागारागानं स्वतःच प्याले.

*

आणि परवा रिपोर्ट चांगला आला. मारोतराव बाहेर गाडी लावत होते. मी म्हटलं, "कौसाबाई, पेशी कामाला लागल्या!"

तिचा चेहरा उतरला. तिनं दाराकडं बघितलं.

"मालकाला सांगू नका, म्याडम. सोयाबीन काढायला आलंय. बरी झाले म्हणलं की उद्याच रानात नेतेत. कंबर दुखली की पुन्हा ती सुई. लगीन झाल्यापासून पहिल्यांदाच कुणी मला बस म्हणलंय."

मारोतराव आत आले. "काय म्हणतेत पेशी?"

मी फाईल मिटली.

"थांबल्यात अजून!"