पास्कूबाबांचे बांगडे

इंजिनाचे कव्हर हातात आले की पास्कूबाब ते आधी नाकाशी नेत. बाजारात बांगडा घेताना कल्ले उघडून वास घ्यावा, तसे. मग म्हणत, "ह्येच्या अंगात तेल मुरलेला आसा. आधी भाजूक होया." पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला वाटले, म्हातारा आपली फिरकी घेतोय.

तारकर्लीच्या रस्त्याला माडांच्या सावलीत त्यांची शेड होती. शाळेत शिकवून झाले की मी तिथे जाऊन बसे. उमेदीची वर्षे गोव्यातल्या एका कारखान्यात घालवून ते परतले, ते दोन विद्या घेऊन. एक पावडर कोटिंगची. रंगाची कोरडी पूड धातूवर फवारायची आणि भट्टीत भाजून पक्की करायची. आमच्या खाऱ्या वाऱ्यात साधा रंग टिकत नाही, हा टिकतो. दुसरी एअरब्रशची, म्हणजे पेनाएवढ्या नळीतून हवेबरोबर रंग सोडत चित्र काढायची. दोन्हींची सांगड घालून ते मोटारसायकलींच्या इंजिनांवर चित्रे काढत. आधी काळी पावडर भाजायची, तिच्यावर चित्र, चित्रावर पारदर्शक पावडर आणि पुन्हा भट्टी. भट्टी जुन्या लोखंडी कपाटाची, त्यांनीच केलेली.

साफ केलेल्या धातूला कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे. मी एकदा लावला. सकाळी डोक्याला खोबरेल चोपडले होते. भट्टीतून माल बाहेर आला तेव्हा काळ्या रंगात माझा अंगठा स्पष्ट उमटलेला. "मास्तर, तुमी शाळेत सही करतास मां? मगे हंय अंगठो कित्या?" एवढेच म्हणाले आणि सगळे काम पहिल्यापासून केले.

माझा धाकटा भाऊ संजू याने एक जुनी मोटारसायकल घेऊन बोल्ट न् बोल्ट नवा केला होता. कोल्हापूरला जुन्या गाड्यांचा मेळावा होता. बायकोला मागे बसवून आंबोली घाटाने जायचे आणि इंजिनाच्या कव्हरवर बांगड्यांचा थवा घेऊन जायचे, असे त्याने ठरवले. पास्कूबाब म्हणाले, कव्हर जुने आहे, रंगाआधी दोनदा नुसतेच भाजावे लागेल, म्हणजे आतले तेल बाहेर येईल. संजूला घाई. मी मध्ये पडलो, एकदाच भाजा म्हणालो. माझ्या भिडेखातर त्यांनी ऐकले. ती चूक माझी, मी ती कोणावर ढकलणार नाही.

तीन दिवस ते चित्रावर वाकून बसले होते. निळसर हिरव्या पाठी, चांदीची पोटे, सगळा थवा एकदम वळतोय. त्यांच्या हातून इतके सुंदर काम झालेले मी तरी पाहिले नव्हते.

निघायच्या आदल्या दुपारी कव्हर शेवटच्या भट्टीतून निघाले. संजू पाना घेऊन तयारच होता. पास्कूबाब कव्हर देईनात. उजेडात फिरवत राहिले. खालच्या बोल्टाजवळ, एका बांगड्याच्या शेपटीखाली बारीक फोड आले होते. मला तर दिसेनात.

"तेलाचे फोड खंयय येतत, इकडे तिकडे," ते म्हणाले. "हे एका रेषेत आसत."

त्यांनी कव्हर उलटे केले, आतल्या कोऱ्या बाजूला रॉकेल लावले, कोरडे पुसले आणि माझ्या खिशातला खडू मागून घेऊन तिथे घासला. आम्ही वाट पाहत उभे राहिलो. संजू पाना या हातातून त्या हातात करत होता. पांढऱ्या खडूवर केसाएवढी काळसर रेघ हळूहळू उमटली. कव्हरला चीर होती, तिच्यात मुरलेले रॉकेल खडूने ओढून घेतले होते.

चिरेतून गरम तेल गळणार, ते मागच्या टायरवर जाणार, आणि आंबोलीत पाऊस होताच. हे तिघांनाही कळले. तरी संजू म्हणाला, इतकी वर्षे टिकले, अजून चार दिवस टिकेल, आल्यावर वेल्डिंग करू. आणि मी मान डोलावली. आज लाज वाटते, पण डोलावली.

पास्कूबाब शांतपणे म्हणाले, "संजू, ह्या चित्राखाली चीर कोणाक दिसाची नाय. तुकाय नाय. मागे तुझी बायल बसतली, तिकाय नाय."

आणि कव्हर घेऊन ते वाळूचा मारा करण्याच्या पेटीकडे गेले. मी आडवा आलो, तीन दिवसांची मेहनत आहे म्हणालो. त्यांनी मला कोपराने बाजूला केले आणि यंत्र सुरू केले. काचेतून दिसत होते, एकेक बांगडा नाहीसा होत होता. संजू ओरडत होता, पण त्या आवाजात काही ऐकू येत नव्हते. पास्कूबाबांचे हात एकदाही थांबले नाहीत. शेवटी उघडे पांढुरके कव्हर त्यांनी संजूच्या हातात ठेवले.

"आता कव्हर बसय आणि जा. आता दिसता."

संजूने चिरेवरून नख फिरवले. नख अडकले. तो कोल्हापूरला गेला नाही, पण पुढे कित्येक महिने पास्कूबाबांशी बोललाही नाही. कव्हर मीच कुडाळला नेले; वेल्डरने ते तापवले तेव्हा चीर सरळ वरपर्यंत गेली, मग त्याने ती सगळी सांधून दिली. हे मी घरी येऊन सांगितले तेव्हा जेवता जेवता त्याचा हात थांबला.

राग उतरल्यावर तो स्वतःच कव्हर घेऊन शेडवर गेला, बांगडे पुन्हा काढून द्या म्हणाला. एव्हाना पास्कूबाबांना मोतीबिंदूने नीट दिसत नव्हते. "नाताळ होवंदे, डोळो करून घेतंय, मगे काढतंय," म्हणाले. नाताळच्या आधीच ते गेले. शवपेटीला खांदा द्यायला संजू सगळ्यांत पुढे होता. मला त्यांची माफी मागायची होती, ती राहूनच गेली.

संजूची गाडी आजही लखलखते, फक्त ते कव्हर कोरे आहे. तारकर्लीला येणारे गाडीवाले थांबून बघतात, चांगले चित्रकार सुचवतात. परवा एकाने विचारले, एवढ्या गाडीला एवढीच जागा रिकामी का ठेवली? संजू फडक्याने कव्हर पुसत होता.

"बांगडे होते," तो म्हणाला. "पास्कूबाबान खरवडल्यान. म्हणान मी आसंय, माझी बायल आसा."