विहिरीवरचा बल्ब

माझ्या मेहुण्याचे पाय लागले आणि तिथे अर्धा चहा उरला नाही, अशी एकही जागा वाशीम जिल्ह्यात नसावी. वाशीम स्टेशनबाहेरची टपरी असो, कोर्टासमोरचं झेरॉक्सचं दुकान असो की केनवडच्या बाजारातली पानपट्टी, हा चहा घेतो, दोन घोट पितो, काहीतरी आठवतं आणि निघून जातो. आमच्या घरी तर तो येऊन गेल्याची खूण म्हणजे खिडकीत, फ्रिजवर, एकदा चक्क देवघरापाशी सापडलेला गार चहाचा कप.

दुकानांत कॅमेरे बसवणं आणि इंटरनेट जोडून देणं हा त्याचा धंदा. एकदा तो आसेगावला एका किराणा दुकानात कॅमेरा बसवायला गेला. दुकानदाराचा वजनकाटा बंद पडलेला दिसला. झालं, दिवसभर बसून त्याने काटा उघडला, साफ केला, चालू केला आणि समाधानाने घरी आला. कॅमेरा खोक्यातच राहिला होता. दुसऱ्या दिवशी दुकानदाराचा फोन आला, "काटा मस्त चालून राह्यला भाऊ, पन कॅमेरा कवा लावता?" त्याची मोटारसायकल पुढून निळी आणि मागून लाल आहे, कारण रंगवता रंगवता त्याला गाडीच्या हॉर्नमध्ये बिघाड जाणवला होता.

तिशी उलटल्यावर त्याने स्वतःच अकोल्याचा डॉक्टर गाठला. डॉक्टरांनी सांगितलं, याला एडीएचडी म्हणतात, मेंदूची ठेवणच तशी असते, आळस किंवा खोडसाळपणा नव्हे. परीक्षेचा निकाल लागावा तशा आनंदाने त्याने ही बातमी गावभर सांगितली. सासूबाई मात्र भाजी निवडता निवडता थांबल्या. "मंग मास्तरनं याले उगाच मारलं म्हना," एवढंच बोलल्या आणि पुढची जुडी हातात घेतली. मी मान खाली घातली. माझ्या लग्नापासून मीही त्याला 'एका जागी बसत जा' हेच सांगत आलो होतो. गोळ्या सुरू झाल्या. त्याच्या शब्दांत, डोक्यातली भिंगरी थांबली नाही, पण आता तिचे रंग दिसू लागले.

आणि मग त्याने संगणक सुरक्षेच्या परीक्षेचं मनावर घेतलं. ज्या ज्या दुकानात तो इंटरनेट जोडायचा, तिथला पासवर्ड मालकाच्या पोराचं नाव असायचा आणि ते पोरगं गल्ल्यावरच बसलेलं असायचं. याला ते बघवेना. नागपूरच्या एका कंपनीने सांगितलं होतं की परीक्षा पास झाला तर ते त्याला सुरक्षेच्या कामावर घेतील. पण नोकरीपेक्षा त्याला वेगळंच हवं होतं. "भाऊजी," तो एकदा म्हणाला, "मले आयुष्यात एक गोष्ट तरी शेवटपर्यंत न्यायची हाय."

अभ्यासाला तो टेबलावर बसला तेव्हा पहिल्या धड्यात राउटरचं चित्र होतं. ते पाहून त्याने घरचा राउटर उघडला, त्यातली धूळ काढायला ब्रश शोधला, ब्रश शोधताना हरवलेला पाना सापडला आणि संध्याकाळी तो शेजाऱ्याच्या स्प्रे पंपाशी बसलेला आढळला. अशा रीतीने पहिला धडा दीड महिना चालला.

वाट सापडली ती मळ्यात. सासुरवाडीचा मळा केनवडच्या शिवारात आहे, वांगी, कोबी, मेथीचा. एका रविवारी तो वांग्याला पाणी देत होता आणि मी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून त्याचं पुस्तक नुसतं चाळत होतो. मी गंमत म्हणून एक प्रश्न वाचला. फावड्याने सरीचं तोंड फोडता फोडता त्याने बिनचूक उत्तर दिलं. दुसरा विचारला, त्याचंही दिलं. मी पुस्तकातून वर पाहिलं. हा माणूस दोन तास एकाच कामावर होता. एक सरी भरली की तिचं तोंड मातीने बुजवायचं, पुढचीचं फोडायचं. पाणी वाहत असताना कुठे जाता येत नाही आणि हात रिकामे राहत नाहीत.

तेव्हापासून आमचा वर्ग बांधावर भरू लागला. माझे इंग्रजी उच्चार ऐकून तो हसायचा, पण शिकायचा. फायरवॉल म्हणजे धुरा, परक्याला आत न येऊ देणारा. ज्याची पाण्याची पाळी त्याच्याच हाती मोटारीच्या पेटीची किल्ली, हा त्याचा अधिकार वाटून देण्याचा धडा. सासूबाई त्याच्या पहिल्या विद्यार्थिनी. त्या इतक्या तयार झाल्या की बँकेच्या खऱ्या साहेबाने घरी फोन केला तेव्हा, "तू कोन, हे आधी तुह्या बापाच्या नावानिशी सांग," असं त्याला सुनावून त्यांनी फोन ठेवला.

पहिल्या खेपेला परीक्षा घरूनच द्यायची होती. कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, ओठही पुटपुटायचे नाहीत, असा नियम. मळ्यातलं घर शांत म्हणून तिथेच लॅपटॉप मांडला. घरात इन्व्हर्टर होता. कोणी आत जाऊ नये आणि तो बाहेर येऊ नये म्हणून मी दाराबाहेर खुर्ची टाकून पहारा देत होतो. परीक्षा निम्मी झाली असेल आणि विहिरीवरचा बल्ब लागला.

आमच्याकडे शेतीच्या लायनीला मोजकेच तास लाइट असते. ती आली की तो बल्ब लागतो आणि बल्ब लागला की जो असेल तो मोटार सुरू करायला धावतो. यात विचार कोणी करत नाही. मोटारीच्या पेटीपाशी आम्हा दोघांची भेट झाली. तो खिडकीतून बल्ब पाहून उठला होता आणि त्याला अडवायला बसलेला मी त्याच्याही आधी पोचलो होतो. क्षणभर आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मोटार चालू झाली. परीक्षा बंद झाली होती.

त्या दिवशी तो सबंध मळ्याला पाणी देत राहिला. मी दोनदा चहा नेला, तोही त्याने अर्धासुद्धा घेतला नाही.

महिनाभराने त्याने स्वतःच पुन्हा पुस्तक आणून माझ्या हातात दिलं आणि फावडं उचललं. या खेपेला परीक्षा नागपूरच्या केंद्रावर होती. मी सोबत गेलो. इतर मुलं एकेक करून बाहेर आली, चहा पिऊन गेलीसुद्धा. हा येईना. पुन्हा मध्येच उठला असणार आणि आत कोणीतरी त्याला बोलत असणार, असं मला वाटू लागलं. शेवटी तो आला, एकटाच, सगळ्यांच्या मागून.

"काहून एवढा उशीर?" माझ्याही तोंडून वऱ्हाडीच निघालं.

"शेवटची सरी राह्यली होती," तो म्हणाला.

मग शेजारी बसून त्याने सांगितलं की मध्येच तिथली लाइट गेली. संगणक चालू राहिले, पण वरच्या ट्यूबा विझल्या आणि थोड्या वेळाने फडफडून लागल्या. "मी अर्धा उठलो, भाऊजी. मंग म्हटलं, आई हाय नं मोटर लावाले. बसलो." मग दुसऱ्याच कोणाची बातमी सांगावी तसं म्हणाला, "अन् पास झालो."

आता तो नागपूरला असतो. तिथे तो उभ्याने काम करतो, फेऱ्या मारतो, आणि साहेबांनी त्याला हरकत घेतलेली नाही. रविवारी कधी मळ्यात गेलो तर पाणी देणारा दुसरा असतो. मी बांधावर बसतो, विचारायला प्रश्न नसतात.

परवा तो आला होता. मळ्यातल्या घराच्या ओसरीत बसून कंपनीच्या गोष्टी सांगत होता, दोन घोट घेतले असतील, आणि विहिरीवरचा बल्ब लागला. वाक्य अर्धं टाकून तो धावला. बायको सवयीने कप उचलायला आली. मी तिला थांबवलं आणि कपावर बशी झाकली. गार होईल, पण येईल तो.