नखावरचा थेंब

भातकुलीच्या दूध केंद्रावर मैनाबाईंनी अठ्ठावीस वर्षं दुधातलं पाणी पकडलं. यंत्र बुडवायच्या आधीच त्या थेंब अंगठ्याच्या नखावर घेत. घसरला की कॅन परत. सख्ख्या भावाचं दूधही त्यांनी चारचौघांत परत केलं, तेव्हापासून तो भाऊबीजेला फिरकला नाही. त्याचं वाईट वाटे. पण कुणावर विश्वास ठेवणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

अमरावतीच्या दवाखान्यात नवऱ्याच्या, नत्थुजींच्या, हृदयाची झडप बदलली. आठ दिवस झाले तरी पाय सुजलेले, आडवं झालं की धाप. डॉक्टर नीलम रोज त्यांच्या बरगडीखाली सोनोग्राफी करत. गरोदर बायांचं यंत्र या बाप्याच्या पोटावर कशाला, हे मैनाबाईंना पहिल्या दिवसापासून खटकत होतं.

"ही हृदयाकडे जाणारी मोठी शीर," नीलमनं पडद्यावर बोट ठेवलं. "श्वास घेतला की ती आकसायला हवी. ही तशीच फुगलेली आहे. अंगात पाणी जास्त झालंय. असंच राहिलं तर पुन्हा श्वासाच्या मशीनवर ठेवावं लागेल."

"पानी म्या मोजून देल्लं," मैनाबाई म्हणाल्या. "दिवसाचं एक लिटर. तुमच्या नर्साच सलाइन लावून राहिल्या असतील, माहा डोळा लागला का."

नीलमनं न रागावता कागद पुढे केला. सलाइन चार दिवसांपूर्वीच बंद झालं होतं. मैनाबाईंनी तारखा आणि सह्या दोनदा वाचल्या. खोट सापडली नाही.

मग नीलमची नजर स्टुलावरच्या डब्यावर गेली.

"यात काय?"

"ताक. भाचीच्या घरून येते. दिवसातून तीनदा पाजतो. ते पानी थोडीच हाय, ते तं जेवन."

"मावशी, तुम्ही दूध केंद्रावर होतात म्हणालात ना? मग यात पाणी किती ते तुम्हीच सांगा."

मैनाबाईंनी डब्यात बोट बुडवून थेंब नखावर घेतला. तो थांबलाच नाही, थेट मनगटापर्यंत ओघळला. नत्थुजींनी सवयीनं डब्याकडे हात पुढे केला, तसा त्यांनी डबा उचलून सगळं ताक बेसिनमध्ये ओतलं.

"बाई," त्या नीलमला म्हणाल्या, "उद्या ते पोटावरचं मशीन लावून पाहजा. म्या काही सांगतलं तरी माह्यावर भरोसा ठेवू नोका."