दुपारच्या चांदण्या

लोह्याच्या पाणीपुरवठ्यात तीस वर्षं पंपाच्या मोटारी चालवून निवृत्त झालेले व्यंकटराव एकसष्टाव्या वर्षी पुढ्यात जुना लॅपटॉप आणि तीन पेनड्राइव्ह मांडून बसले, तेव्हा त्यांची बायको सरजाबाई म्हणाली, "ह्यो आता कसला नवा नाद?" नाद नव्हता. व्यंकटरावांना चांदण्या बघायच्या होत्या, आणि हाताशी वेळ थोडा होता.

त्यांना जन्मापासूनचं रातांधळेपण. दिवसा सुईत दोरा ओवतील, पण दिवेलागण झाली की डोळ्यांवर घोंगडी पडल्यासारखं व्हायचं. नोकरीत हे कुणाला कळू दिलं नाही. रात्रपाळी आली की भागवत नावाचा सोबती ती घ्यायचा आणि बदल्यात व्यंकटराव त्याच्या दिवाळीतल्या दिवसपाळ्या सांभाळायचे. मुलगी बघायला धर्माबादला गेले तेही भर दुपारी. "सांजच्याला परतायला गाडी न्हाई," असं कारण पुढे केलं. पोहे खाल्ले, मुलगी पसंत केली, उजेड आहे तोवर घर गाठलं. लग्नानंतर तिसऱ्या संध्याकाळी अंगणातल्या घागरीला अडखळून पडले आणि सरजाबाईला सगळं कळलं. ती रागावली नाही. हाताला धरून गच्चीवर घेऊन गेली आणि शेजारी बसवून घेतलं. व्यंकटरावांनी विचारलं, "काय दिसतंय?" सरजाबाई म्हणाली, "लई चांदण्या हायत. ती बघा बाज. चार खुरं आन् मागं तीन चोर. आन् तिकांडं अगदी डोक्यावर हाय."

बाज म्हणजे सप्तर्षी, आणि तिकांडं म्हणजे एका ओळीतल्या तीन चांदण्या. व्यंकटरावांनी ती दोन्ही मनातल्या मनात मांडून घेतली. तेव्हापासून चौतीस वर्षं हेच चाललं होतं. जेवणं झाली की गच्ची, "काय दिसतंय?" आणि सरजाबाईचं सांगणं. आपल्याकडे नवरा-बायकोला सांगायला विषय उरत नाहीत म्हणतात. या दोघांना एक अख्खं आभाळ पुरलं.

गेल्या दिवाळीपासून व्यंकटराव दिवसाही दाराच्या चौकटीला धडकू लागले. नांदेडच्या डोळ्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की नजर कडेकडेनं मिटत चालली आहे. मधला तुकडा आणखी दोन-चार वर्षं टिकेल, औषध काही नाही. परतीच्या बसमध्ये व्यंकटराव खिडकीशी बसून हळदीची शेतं बघत राहिले. दिवसाचं सगळं जग त्यांनी पोटभर बघितलं होतं. राहिलं होतं ते एवढंच. डोळे जायच्या आधी एकदा चांदण्या बघायला मिळाव्यात, असं त्यांना फार वाटलं, आणि तसं वाटल्याची थोडी लाजही वाटली.

लाज मोडून त्यांनी ते भाचीला सांगितलं. विशाखा नांदेडला एका पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत काम करते. मामाचं ऐकून तिनं कपाटातून आपला कॉलेजातला लॅपटॉप काढला आणि रविवारी लोह्याला घेऊन आली.

"मामा, ह्यात एक प्रोग्राम टाकला की अख्खं आभाळ दिसतंय. भर दुपारी बी. पण हे यंत्र लई जुनं हाय. दोन जीबीची मेमरी. ह्याला आता विंडोज झेपायची न्हाई, लिनक्स टाकू. तेबी विंडोजवाणीच यंत्र चालवतंय. फुकट असतंय, आन् हलकंबी."

"मग टाक की."

"लिनक्स एक न्हाई ना, पन्नास हायत. तीन निवडून आणल्यात. पेनड्राइव्ह लावायचा आन् चालवून बघायचं. यंत्रात आत्ताच काही बदलायचं न्हाई. जे तुमच्या डोळ्याला सोसंल ते पक्कं करू."

ही रीत व्यंकटरावांना एकदम पटली. नवी मोटार आली की तेही आधी आठवडाभर नुसती चालवून बघायचे. मोटारीवर तळहात ठेवायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. धाप लागलेली मोटार हाताला लगेच कळते. आता ते लॅपटॉपच्या पाठीवर तळहात ठेवून बसू लागले. सरजाबाई येता-जाता म्हणायची, "ताप हाय का त्याला?"

पहिलं लिनक्स एवढंसं होतं की चहा गाळेपर्यंत चालू व्हायचं. पण त्याचे निरोप पडद्याच्या कोपऱ्यात उमटायचे, आणि कोपरे तर व्यंकटरावांच्या जगातून आधीच गेले होते. ते मधोमध बघत बसायचे आणि यंत्र कोपऱ्यातून काहीतरी विचारत बसायचं. दुसरं देखणं होतं, सगळं मराठीतून बोलायचं, पण त्या म्हाताऱ्या यंत्राला त्याचं ओझं झेपेना. तळहाताला चटका बसायचा. तिसरं मात्र त्यांच्या मनात भरलं. काळाभोर पडदा, मधोमध एकच यादी, पांढरी ठळक अक्षरं. इंग्रजी होतं, पण पंपहाऊसच्या पाट्या वाचून तेवढं इंग्रजी त्यांना येत होतं. हात ठेवला तर यंत्र गार.

त्यांनी आभाळाचा प्रोग्राम उघडला, लोह्याचं नाव घातलं आणि श्वास रोखला. पडदा निळा झाला. एकही चांदणी नाही. त्यांनी खट्टू होऊन विशाखाला फोन लावला.

"दीड वाजलाय ना मामा," ती हसत सुटली. "आत्ता आभाळ निळंच असणार. त्यातलं घड्याळ पुढं ढकला."

व्यंकटरावांनी घड्याळ ढकललं. पडद्यावरचा सूर्य कलला, कडेला तांबूस झालं, मग जांभळं. आणि मग एक ठिपका आला. दुसरा आला. बघता बघता पडदा भरून गेला. बाहेर ऊन रखरखत होतं, शेजारी कुणीतरी ज्वारी पाखडत होतं, आणि खाटेवर बसून व्यंकटराव आयुष्यातली पहिली रात्र बघत होते. ते रडले. रडताना डोळे पुसायचीही त्यांना घाई झाली, कारण तेवढा वेळ बघायचं राहत होतं.

त्यानंतर त्यांच्या दुपारी आभाळात जाऊ लागल्या. पेनड्राइव्हवरचं लिनक्स बंद केलं की सगळं विसरायचं, आणि दुसऱ्या दिवशी कुठल्यातरी परदेशी गावाचं आभाळ घेऊन उघडायचं. मग ते पुन्हा लोह्याला यायचे. कधी मनात आलं तर उदगीरला जायचे, कधी धर्माबादला सासरवाडीच्या आभाळाखाली जाऊन बसायचे. विशाखा नावाची चांदणी आहे हे कळल्यावर त्यांनी भाचीला फोन करून तिची खुशाली कळवली. बहिणीनं ते नाव बुद्धांच्या उपासिकेवरून ठेवलं होतं, पण आभाळातही भाची निघाली याचा मामाला कोण आनंद! झोप आणि जाग यांच्या मधोमध कुठेतरी ते तरंगत असायचे आणि सरजाबाईनं जेवायला दिलेली हाक दोन-दोनदा वाया जायची.

एका दुपारी त्यांना वाटलं, आपल्याच जुन्या रात्री बघाव्यात. त्यांनी गेल्या वर्षीची बुद्धपौर्णिमा लावली. त्या रात्री गच्चीवर दोघांनी खीर खाल्ली होती आणि चंद्र उगवलाय आणि डोक्यावर तिकांडं आहे असं सरजाबाई म्हणाली होती. पडद्यावर चंद्र होता. तिकांडं नव्हतं. त्यांनी आभाळ चारी बाजूंनी फिरवलं. वैशाखात ते दिवेलागणीलाच मावळून जातं, असं घड्याळ मागेपुढे करून त्यांना कळलं. मग त्यांनी मुलगा व्हायच्या आदली, भाद्रपदातली रात्र लावली. दवाखान्याच्या पायरीवर सरजाबाई बाज दाखवत होती, तर त्या वेळी बाज केव्हाच क्षितिजाखाली गेलेली. ते तारखा लावत राहिले. चौतीस वर्षांत सरजाबाईच्या आभाळातलं तिकांडं डोक्यावरून हललं नव्हतं, बाज ढळली नव्हती.

व्यंकटरावांनी लॅपटॉपवरचा हात काढून घेतला. जे आभाळ त्यांनी तिच्या शब्दावर बांधलं होतं, ते तिनं कधी बघितलंच नव्हतं की काय?

"सरजा," त्यांनी हाक मारली. "तिकांडं खरंच दिसायचं का गं तुला?"

सरजाबाई पिठाच्या हातानं दारात आली. पडद्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि भिंतीला टेकून खाली बसली.

"न्हाई," ती म्हणाली. "ल्हानपणी आईनं माघात खळ्यावर दाखिवलं व्हतं, तेवढंच. मग नजर अधू झाली. लांबचं समदं धुरकट. तुम्ही बघायला आले तवा बाप म्हणला, चष्म्याची पोरगी कोन करून घेतंय, गप ऱ्हा. ते गप ऱ्हायलं ते ऱ्हायलंच."

म्हणजे एका दुपारी दोन घरांनी दोन आंधळेपणं लपवली होती. एकाला अंधारातलं दिसत नव्हतं, दुसरीला लांबचं. व्यंकटरावांना हसावं की चिडावं कळेना. ते आधी चिडले.

"मग चौतीस वर्षं मला खोटं सांगत ऱ्हायली तू?"

"तुम्ही रोज इचारायचे ना, काय दिसतंय म्हणून," सरजाबाई म्हणाली. "काहीच न्हाई म्हणलं असतं तर दोघंबी गप बसलो असतो."

ज्वारी पाखडणं थांबलं होतं. व्यंकटरावांनी खाटेवर सरकून जागा केली. "इकडं ये," ते म्हणाले. सरजाबाई हात पुसून आली आणि पडद्याला नाक लागेल इतकी वाकली. जवळचं तिला लख्ख दिसायचं. व्यंकटरावांनी आभाळ माघ महिन्यावर आणलं आणि बोट ठेवलं. ती बोटाशेजारच्या चांदण्या मोजू लागली. मग म्हणाली, "आगं बाई, एवढ्या असत्यात?" त्या दुपारी स्वयंपाक झाला नाही. शिळ्या भाकरीवर तेल-तिखट घेऊन दोघं आभाळ बघत बसले, आणि व्यंकटरावांचा राग कुठे गेला ते त्यांनाही कळलं नाही.

शनिवारी विशाखाचा फोन आला. "उद्या येऊन पक्कं करून देते मामा. तिसरंच ना?"

"न्हाई. दुसरं टाक. मराठीवालं."

"अहो, ते जड पडतंय म्हणला होता तुम्ही. आन् तुमच्या डोळ्याला तर तिसरं—"

"माझ्या डोळ्याचं किती दिवस हाय?" व्यंकटराव शांतपणे म्हणाले. "फुडं तुझ्या मामीला चालवायचंय. तिची चौथी झालीय, मराठी वाचतीय ती. चष्माबी करून आणू, पण ह्ये तिला एकटीला उघडता आलं पाहिजे."

विशाखानं ते लिहून घेतलं. मग ती म्हणाली, "बरं. त्याची समदी नक्षी काढून टाकते, मग हलकं हुईल."

रविवारी तिनं तसंच केलं. अक्षरं मोठी केली, नको ते काढलं, गाव म्हणून लोहा कायमचं लिहून ठेवलं. यंत्र पहिल्यापेक्षा सावकाश उघडायचं, पण उघडायचं. सरजाबाई समोर बसली. एकेक अक्षर जोडत तिनं यादी वाचली, योग्य जागी बोट दाबलं आणि रात्र आणली. व्यंकटराव शेजारी बसले होते. त्यांनी मुद्दाम डोळे मिटून घेतले.

"काय दिसतंय?"

तिनं वेळ घेतला. वर बघितलं, खाली बघितलं, बाण दाबून आभाळ फिरवलं.

"बाज हाय, वरच्या अंगाला. इशाखा हाय उगवतीला."

"आन् तिकांडं?"

सरजाबाईनं पुन्हा एकदा सगळं आभाळ नीट शोधलं.

"न्हाई," ती म्हणाली. "आज तिकांडं न्हाई दिसत."

व्यंकटरावांनी डोळे उघडले नाहीत. तिचा हात शोधून तेवढा घट्ट धरला.