पोटावरच्या चार फुल्या

माझं अक्षर कुणाला लागेल असं वाटत नाही. ऱ्हस्व-दीर्घही चुकतं. चौथीतच शाळा सुटली. कुणाच्या हाती ही वही पडलीच तर सांभाळून घ्यावं.

थोरली सात महिन्यांची होती. आम्ही निमोण्यात राहायचो. हे रांजणगावला कंपनीत, पहिल्या पाळीला. घरात मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते.

पोरीला दोन दिवस खोकला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचं पोट भात्यासारखं उडायला लागलं.

"डबा झालाय," आत्याबाई म्हणाल्या. लेकराची छाती भरून पोट उडायला लागलं की आमच्यात त्याला डबा म्हणतात. "बिब्बा तापीव."

मेंढरांमागं फिरताना त्यांनी पाच लेकरं बिब्ब्यावरच जगवली होती. मी बिब्बा दिव्यावर धरला. त्याचं कढत तेल सुईवर घेऊन त्यांनी पोरीच्या पोटावर चार फुल्या काढल्या. तिचे पाय मी धरले होते.

थोड्या वेळानं लसीच्या सिस्टर दारात आल्या. मागं एकदा त्यांनी असल्याच फुल्यांवरून शेजारणीला सगळ्या आळीसमोर झापलं होतं, "जनावरं आहात का तुम्ही?" ते माझ्या डोक्यातून गेलं नव्हतं.

"बाळ कसं आहे?"

"झोपलंय," मी म्हणाले. सिस्टर पुढं गेल्या.

दुपारी पोर अंगावर पिईना. ओठ काळेनिळे पडले.

"शिरूरला नेऊया," मी म्हणाले.

"त्याला कामावरनं येऊंदी."

हे यायला चार वाजले असते. आत्याबाईंपुढं मी कधी दुसरा शब्द काढला नव्हता. तेव्हाही काढला नाही. पोर उचलली आणि बाहेर पडले.

जिच्या रानात खुरपायला जायचे, तिच्या दारात जाऊन उभी राहिले.

"आगं बोल की! तोंडात गूळ धरलाय व्हय?" मालकीण म्हणाली. मग तिनं पोरीकडं पाहिलं. "किती पायजेत?"

"दोन हजार. हजेरीतनं फेडीन."

तिनं दुधाचे पैसे काढून दिले आणि डेअरीचा टेम्पो थांबवला. टेम्पो हलणार एवढ्यात आत्याबाई गोधडी घेऊन धावत आल्या आणि शेजारी चढल्या. शिरूरपर्यंत मी नुसती पोरीचा श्वास बघत होते.

लहान मुलांच्या डॉक्टरांनी झबलं वर करायला हात घातला. मी ते दाबून धरलं.

"हात काढा, बाई."

काढला.

"हे कुणी केलं?"

"मी."

"खोटं बोलतीया ती," मागून आत्याबाई म्हणाल्या. "म्या केलं. काय बोलायचं त्ये मला बोला, पर आदी पोरीकडं बगा."

तोवर डॉक्टरांनी तिच्या नाकाला ऑक्सिजन लावलाही होता. "न्यूमोनिया आहे. सकाळीच का नाही आणलं?"

याचं उत्तर मला ठाऊक होतं. ते आजवर कुणाला दिलेलं नाही.

सहाव्या दिवशी पोर घेऊन घरी आलो. ह्यांचा पगार बाकीच्या बिलात गेला. मालकिणीचे पैसे मी खुरपून फेडायला लागले. दुसऱ्या आठवड्यात आत्याबाईही न सांगता माझ्या शेजारची पात धरून खुरपायला बसल्या. पोर बांधावर झोळीत असायची. जरा खोकली की दोघींची खुरपी थांबायची.

कांदा काढणीला आला, तेव्हा एका बाजाराच्या दिवशी मालकिणीनं माझ्या हातावर नोटा ठेवल्या.

"ह्या कशाच्या?"

"आठवड्याची हजेरी. दोघींच्या हजेरीतनं गेल्या बाजारीच फिटलं समदं. एक रुपाया न्हाई ऱ्हायला."